तागाचे कापड आणि वनस्पतिजन्य रेझिन यांपासून कंपोझिटचा पत्रा कसा तयार करावा

येथे दिलेल्या पद्धतीने घरच्या किंवा लहान कार्यशाळेच्या सोयीत ४० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि सुमारे अडीच मिलिमीटर जाड पत्रा तयार होतो. कंपोझिट म्हणजे तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे मिळून झालेले साहित्य. ट्रे, कप्प्याचे दार किंवा खुर्चीची पाठ यांसाठी हा पत्रा चांगला आहे. छप्पर किंवा माणसाचे वजन पेलणारा भाग मात्र यातून करू नये. तागाच्या तंतूची घनता काचतंतूच्या जवळजवळ निम्मी असते, त्यामुळे वस्तू हलकी होते, आणि घासताना काचेचे टोचरे कण उडत नाहीत.

रेझिन निवडताना डब्यावरच्या हिरव्या पानावर विसंबू नये. बाजारात मिळणारे बहुतेक ‘जैव’ इपॉक्सी (रेझिनचा एक प्रकार) अंशतःच वनस्पतिजन्य असते, म्हणून त्यातील किती टक्के कार्बन वनस्पतींतून आला आहे हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे. आपल्या हवेत मला काजूच्या टरफलातील तेलावर आधारित हार्डनर (रेझिनमध्ये मिसळून ते घट्ट करणारा घटक) अधिक योग्य वाटतो. त्या तेलातील आम्ल तापवल्यावर त्याचे कार्डानॉल होते आणि कार्डानॉलपासून केलेले फेनाल्कमाइन जातीचे हार्डनर दमट हवेतही नीट घट्ट होतात. ज्या तेलाने काजू फोडणाऱ्यांचे हात काळवंडतात आणि पोळतात त्याच कुळातला हा पदार्थ असल्याने आणि इपॉक्सीनेही त्वचेवर कायमची ॲलर्जी उद्भवू शकत असल्याने नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांत तडजोड करू नये. जवसाचे कच्चे तेल वापरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. पण ते हवेतील ऑक्सिजनमुळे वाळते, त्यामुळे जाड थरात वरची साय धरते आणि आत चिकटच राहते.

कापड म्हणून पातळ, सैल विणीचे, प्रति चौरस मीटर सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे तागाचे कापड घ्यावे. धान्याच्या गोणीचा सूत फार पिळदार असतो, आणि पीळ जितका घट्ट तितके रेझिन धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचणे कठीण. शिवाय ताग कातताना तंतू मऊ करण्यासाठी तेल लावलेले असते. ते राहिले तर रेझिन धरत नाही, म्हणून कापड प्रथम गरम साबणाच्या पाण्यात धुऊन, स्वच्छ खळबळून घ्यावे. अधिक चांगली पकड हवी असल्यास ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ते दोन तास भिजवावे. त्याने तंतूवरील मेणचट आवरण आणि हेमिसेल्युलोज (तंतूतला एक घटक) निघून पृष्ठभाग खरखरीत होतो. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, आणि ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. शेवटच्या धुण्यात थोडे व्हिनेगर घालून सोड्याचा अंश घालवावा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि घाई बहुधा इथेच होते. ताग हाताला कोरडा लागला तरी साधारण हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी तो धरून असतो. मी पहिला पत्रा भर पावसाळ्यात, दोरीवर वाळवलेल्या कापडाचा केला, तेव्हा थरांमध्ये पांढुरके डाग आणि बुडबुडे राहिले आणि महिन्याभरात कडा फुगून थर सुटू लागले. तेव्हापासून मी तराजूवरच विश्वास ठेवतो. या पत्र्यात कापडाचे चार थर असतात; आपल्या मापाचे चार तुकडे मिळून सुमारे १४५ ग्रॅम भरतात. ते ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला ठेवून दर अर्ध्या तासाने वजन करावे, आणि आकडा १३० च्या आसपास येऊन सलग दोन वेळा तोच राहिला की कापड तयार समजावे. बाहेर काढल्यावर ते पिशवीत घट्ट बंद करावे, कारण उघडे राहिल्यास ते लगेच पुन्हा ओलावा ओढू लागते.

१३० ग्रॅम तागाला सुमारे २३० ग्रॅम मिश्रण लागते. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने दिले असेल तेच, तेही वजनाने मोजून घ्यावे. अंदाजाने हार्डनर वाढवल्यास वस्तू लवकर नव्हे, तर कच्ची तयार होते. तीन मिनिटे तळ आणि कडा खरवडत ढवळावे आणि मिश्रण लगेच पसरट थाळीत ओतावे, कारण खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून अवेळी घट्ट होते.

साचा म्हणून काच किंवा सनमायका लावलेली फळी चालते. तिच्यावर कार्नोबा मेणाचे चार हात द्यावेत. प्रथम रेझिनचा पातळ थर, त्यावर कापड, आणि मग ब्रशने न ओढता दाबत दाबत रेझिन जिरवावे. भिजलेला ताग गडद तपकिरी दिसतो. फिका ठिपका दिसला तर तिथे कोरडे आहे. चारही थर झाल्यावर मेणकापड अंथरून, मधून कडेकडे स्क्रॅपर ओढून हवा काढावी आणि वर मेण लावलेली दुसरी फळी ठेवून सात-आठ किलोचे समान वजन द्यावे. अधिक दाबल्यास रेझिन पिळून निघते आणि तंतू उघडे पडतात.

२४ तासांनी पत्रा काढावा आणि उत्पादकाने सांगितले असल्यास ५० ते ६० अंशांवर काही तास तापवून पूर्ण पक्का करावा. बारीक दातांच्या हॅकसॉने, मास्क लावून कापावा. कापलेल्या प्रत्येक कडेवर तंतूंची उघडी तोंडे असतात आणि पाणी तिथूनच आत शिरते, म्हणून कडांना त्याच रेझिनचे दोन हात द्यावेत, छिद्रे पाडल्यास त्यांच्या आतूनही. एक छोटा तुकडा कडा बंद करून आणि दुसरा तसाच ठेवून दोन्ही २४ तास पाण्यात बुडवावेत आणि आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहावे. कडा बंद केलेला तुकडाही लक्षणीय जड झाला, तर तो पत्रा फक्त कोरड्या जागी वापरावा. उरलेले तुकडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत; घट्ट झालेले इपॉक्सी मातीत कुजत नाही.