दुबईला निघताना तारीख बघून निघा

गणपती झालेच आहेत, आता दसराही घरी करून निघू, असं म्हणत मी ऑक्टोबरात दुबईला आलो. तो दसरा मला चांगलाच महाग पडला.

भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नोकरीसाठी परदेशी निघालेला माणूस त्या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असला, तर टॅक्सच्या हिशेबात तो त्या वर्षी रेसिडेंटच. बोटांवर मोजून बघा, २८ सप्टेंबरला १८१ भरतात. निघायचा दिवसही धरूनच चाला. मी दोन-तीन आठवड्यांनी चुकलो आणि मार्चपर्यंतचा इथला सगळा पगार भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागला. इथे पगारावर टॅक्सच नाही, मग भारतात वजावट तरी कशाची मागणार? ऑफर हातात असेल तर जॉइनिंग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागून घ्या.

व्हिसाचा शिक्का बसला की आपण एनआरआय झालो, असं इथले बरेच जण समजतात. तसं नाही. दिवस दर वर्षी नव्याने मोजायचे.

पुढे आई-वडिलांसाठी, लग्नकार्यासाठी फेऱ्या वाढतात. सुट्टीवर येणाऱ्या भारतीय नागरिकालाही मर्यादा १८२चीच. पण भाडं, व्याज, शेअर असं भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस तिकडे झाले असतील, तर १२० दिवसांनाच रेसिडेंट ठरता. शिवाय भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर आहे आणि दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्स लागू नाही, अशा नागरिकाला एकही दिवस भारतात न राहता रेसिडेंट मानतात. २०२०च्या बजेटात हे आलं तेव्हा इथे केवढी घबराट! पण या दोन्ही प्रकारांत दर्जा आरएनओआरचा (रेसिडेंट, पण ‘नॉट ऑर्डिनरिली’), म्हणजे इथल्या पगाराला हात लागत नाही. धंदा भारतात बसून चालवत असाल तर मात्र सीएला विचारा.

इकडचं गणित वेगळं. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर साधा रेसिडेन्स व्हिसा जातो. गोल्डन व्हिसाला ही अट नाही. भारत-यूएईमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा फायदा हवा असेल तर इथे १८३ दिवस भरायला हवेत, आणि ते जानेवारी ते डिसेंबर.

बँकेतलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्या. त्यावरच्या व्याजातून ३० टक्के टीडीएस जातो, म्हणून इथली बचत एनआरईत, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या खात्यात टाका. तिथलं व्याज करमुक्त. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, वाढवून मिळत नाही.

आणि नोंद ठेवा. दुबईच्या स्मार्ट गेटमधून गेलं की पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. मी येण्या-जाण्याच्या तारखांना कालनिर्णयवर गोल करतो. वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे नवं आलं तरी जुनं खिळ्यावरून काढू देत नाही. मार्चपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात दोन-दोन कालनिर्णयं लटकत असतात आणि बायको चुकीच्या पानावर चतुर्थी बघते.