स्टीलच्या किटलीमुळे झिणझिण्या येत होत्या

किटली चालू असताना तिच्या स्टीलला हात लागला की आईला झिणझिण्या यायच्या. तीच किटली शेजाऱ्यांकडे लावून पाहिली, तिथे काहीच जाणवलं नाही. म्हणून आधी आमचं सॉकेट तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लख्ख. फेज आणि वरच्या जाड भोकात, म्हणजे अर्थमध्ये, पेटेचना. मेन बंद करून बोर्ड उघडला तर हिरवी तार स्क्रूतून सुटलेली. तीन पिनांचा प्लग होता, पण त्याची तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती! शेजाऱ्यांकडे अर्थिंग धड असल्याने किटलीतून गळणारी वीज जमिनीत जात होती, एवढंच. त्यामुळे किटलीही मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासून घेतली. एलिमेंटची गळती निघाली, ती बाद केली.

नवी 1500 वॅटची आहे, म्हणजे 230 व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर. 6 अँपिअरच्या सॉकेटला हे जड, म्हणून वायरची जाडी पाहून 16 चं बसवलं. एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पडणारा स्विच) इतकी बारीक गळती ओळखत नाही, त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावली. तिचं टेस्टचं बटण मी दर महिन्याला दाबून पाहते.