कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करणे हेच खरे काम

मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचा, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठीचा, बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही. दुखत नाही, रक्तही क्वचितच दिसते. काही पॉलिप मात्र साधारण 10 वर्षांत कॅन्सरकडे झुकतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर वयाच्या 40 नंतर, किंवा त्यांचे निदान झाले त्या वयाच्या 10 वर्षे आधी, यापैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करावी.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. तीन दिवस आधीपासून पालेभाजी, पेरू, तीळ, भाकरी नको. मऊ भात, दही, सालीशिवाय बटाटा चालतो. आदल्या दिवशी फक्त गाळलेले पातळ पदार्थ. कोकम सरबत मात्र टाळा, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करणारी पावडर सहसा 2 लिटर पाण्यात कालवतात: निम्मी रात्री, निम्मी तपासणीच्या 4 ते 6 तास आधी. थंड करून घोटघोट प्यायली की मळमळ कमी. शेवटचे शौच पिवळसर, आरपार दिसणारे हवे. गढूळ असेल तर लगेच कळवा. चपटे पॉलिप मळाखाली लपतात आणि तपासणी फुकट जाते.

ठाण्याहून वाशीला जाणार असाल तर लोकलमध्ये शौचालय नसते हे ध्यानात ठेवा. घराजवळचे रुग्णालय बरे. भूल दिल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी हवेच. काढलेल्या पॉलिपचा बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवा, पुढची तपासणी कधी ते त्यावरच ठरते.