मेणात उजेड शिरू द्या: हाताने केलेल्या मेणबत्त्यांचे आणि घरसजावटीच्या वस्तूंचे फोटो कसे काढावेत

बाजारात मांडलेली मेणबत्ती गिऱ्हाईक उचलतं, फिरवून बघतं, नाकाशी नेतं. फोनच्या पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून ते सगळं काम फोटोवर येऊन पडतं. आणि मेणबत्तीचे बहुतेक फोटो एकाच कारणाने फसतात: उजेड समोरून पडलेला असतो.

मेणावर पडलेला उजेड सगळाच्या सगळा परत फिरत नाही. थोडा आत शिरतो, विखुरतो आणि कडेने बाहेर येतो. मेणबत्तीच्या कडेला जी मऊ झळाळी दिसते ती याचीच. समोरून फ्लॅश मारला की ती नाहीशी होते आणि मेणबत्ती खडूच्या कांडीसारखी दिसू लागते. म्हणून फ्लॅश कायमचा बंद ठेवा. उजेड बाजूने आणि जरासा मागून आला पाहिजे, पुढची सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

आधी खिडकी ठरवा

साताऱ्यातल्या जुन्या वाड्याचा सोपा असो की सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट, थेट ऊन येत नाही अशी एक मोठी खिडकी पुरते. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, पण आपल्याकडे तिच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं. हिवाळ्यात उलट होतं. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर शिरतं. दोन्ही वेळी खिडकीला पांढरी मलमल किंवा जुन्या पांढऱ्या धोतराचा एकेरी पदर ताणून लावा. रंगीत पडदा चालत नाही, त्याचा रंग मेणावर उतरतो.

पावसाळ्यात फोटो काढायचे नाहीत असं पुष्कळजण धरून चालतात. खरं तर साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टमधलं भरलेलं आभाळ म्हणजे फुकट मिळालेला भलामोठा पांढरा पडदा आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात असा उजेड खूप वेळ फारसा बदलत नाही. दिवाळीचा माल याच दिवसांत टिपून घ्यावा, म्हणजे ऑर्डरी सुरू होतील तेव्हा फोटो तयार असतात.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये वेळ बदला. सोया मेणाचे (सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणाचे) बरेच प्रकार ४५ ते ५० अंशांच्या आसपासच वितळतात. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेली मेणबत्ती त्याच्या बरीच आधी मऊ पडते, वरून तेलकट दिसते आणि उंच असेल तर वाकते. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. मेणबत्ती घट्ट करण्यासाठी फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि काचेपासून मेण सुटून डाग दिसतात.

खोलीतले ट्यूब आणि बल्ब फोटो काढताना बंदच हवेत. खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि बल्बचा दुसऱ्या, अशाने पांढऱ्या मेणाची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते. हा दोष नंतर सहजासहजी दुरुस्त होत नाही.

टेबल, कागद आणि पांढरा बोर्ड

टेबल खिडकीपासून दोन ते तीन फुटांवर ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातून २२ बाय २८ इंचांची पांढरी कार्डशीट आणा. तिचं वरचं टोक भिंतीला चिकटवा आणि खालचं टेबलावर सोडा. मध्ये घडी पडू द्यायची नाही, कागद गोलसर वळला पाहिजे, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. सावली सौम्य करण्यासाठी फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा ५ मिलिमीटर जाडीचा पांढरा सनबोर्ड (हलका, ताठ फोमचा बोर्ड) घ्या आणि ए-थ्री आकाराचे दोन तुकडे कापून आणा. सोबत तेवढीच काळी कार्डशीट असू द्या.

आता टेबलावर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. मेणबत्ती मधोमध. तुम्ही सहाच्या आकड्यावर. खिडकी दहाच्या आकड्याकडे यावी असं टेबल फिरवा. पांढरा बोर्ड चारच्या आकड्यावर, मेणबत्तीपासून सहा ते आठ इंचांवर उभा करा. बोर्ड जवळ सरकवला की सावली फिकट होते, लांब नेला की गडद. सावली पूर्ण घालवू नका, मेणबत्तीचा गोलपणा तिच्यामुळेच कळतो. पांढऱ्या कागदावर पांढरी मेणबत्ती हरवत असेल तर बोर्डाच्या जागी काळी शीट धरून बघा. त्या बाजूच्या कडेला बारीक गडद रेघ येते आणि आकार सुटा दिसतो.

मेणबत्तीला तयार करा

कॅमेरा डोळ्यापेक्षा निर्दयी असतो. बोटाचा ठसा, चिकटलेला केस, साच्याच्या जोडाची रेघ, सगळं दिसतं. मेणबत्ती सुती हातमोजे घालून उचला. धूळ आणि तंतू सेलोटेपने टिपून घ्या, ओल्या फडक्याने पुसू नका. गुळगुळीत कांडी मेणबत्तीवर जुन्या नायलॉन मोज्याने हलकं घासलं की चमक येते. डब्यातल्या किंवा काचेतल्या मेणबत्तीचा वरचा थर खडबडीत असेल तर हेअर ड्रायर सहा इंचांवरून काही सेकंद फिरवा, थर पातळ होऊन पुन्हा सारखा बसतो. ड्रायर एकाच जागी धरून ठेवला तर वातीजवळ खड्डा पडतो.

सोया मेणावर पांढरट तुषारासारखी जाळी येते. तो त्या मेणाचा स्वभाव आहे. थोडी असेल तर फोटोत असू द्या, कारण घरी गेल्यावर गिऱ्हाइकाला ती दिसणारच. मधमाशीच्या मेणावर काही दिवसांनी पांढरी भुकटी धरते, ती मात्र मऊ कापडाने सहज निघते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून आपल्या भागात या मेणाकडे लोकांचं लक्ष गेलंय. त्याचा सोनेरी पिवळा रंग टिपणं अवघड जातं. चौकट पिवळ्या रंगाने भरली की फोन आपोआप निळसरपणा मिसळतो आणि मेण मळकं दिसतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर किंवा ५२०० ते ५५०० केल्विनवर (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) बांधून टाका.

वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापा. लांब वात फोटोत वाईट दिसतेच, शिवाय पेटवल्यावर काजळी धरते.

फोन कसा लावायचा

रुंद कोनाची लेन्स वापरू नका. तिने बरणी वर फुगीर आणि खाली निमुळती दिसते. फोनला दोनपट किंवा तीनपट लेन्स असेल तर ती निवडा आणि तीन-चार फूट मागे जा. फोन ट्रायपॉडवर हवा. उभ्या कांडीसाठी कॅमेरा मेणबत्तीच्या मध्यावर सरळ ठेवा, काचेच्या बरणीसाठी जरासा वर, म्हणजे वरचं मेणही दिसतं. फोन पुढे झुकवला की बरणीच्या कडा तिरप्या होतात, म्हणून पडद्यावर ग्रिड चालू करून उभी रेघ जुळवा.

लेबलावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग उजेडाची पट्टी हलवा. इथे बहुतेकांची चूक होते. पांढरी मेणबत्ती पांढऱ्या कागदावर ठेवली की फोनला सगळं फार उजळ वाटतं आणि तो फोटो करडा करतो, म्हणून पट्टी वर न्यायची, साधारण +०.३ ते +१. काळ्या पाट्यावर किंवा घोंगडीवर मांडलेली वस्तू असेल तर नेमकं उलट, पट्टी खाली.

ज्योत: सगळ्यात अवघड काम

ज्योत मेणापेक्षा कितीतरी पटींनी उजळ असते. मेण नीट दिसलं की ज्योतीचा पांढरा ठिपका होतो, ज्योत नीट दिसली की मेण काळं पडतं. दोघांत मेळ घालायचा तर खोलीचा उजेड ज्योतीच्या जवळ आणावा लागतो. त्यासाठी उत्तम वेळ म्हणजे सूर्य मावळल्यानंतरची दहा ते वीस मिनिटं. आपल्याकडे मेअखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. तेव्हा खिडकीतून निळसर मंद उजेड येतो आणि ज्योत सोनेरी दिसते. दिवसा काढायचा असेल तर पडदा ओढत ओढत तसाच मंदपणा आणा.

पंखा बंद करा, तावदानं लावा. वात पेटवून तीन-चार मिनिटं थांबा, सुरुवातीची ज्योत वेडीवाकडी असते. नाइट मोड आणि एचडीआर बंद ठेवा. हे दोन्ही अनेक फोटो एकावर एक जोडतात, तेवढ्यात ज्योत हलते आणि तिचा गोळा होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १०० ते ४०० आणि शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/६० ते १/१२५ सेकंदापासून सुरू करा. कॅमेरा न हलवता पंधरा-वीस फोटो काढा. त्यातल्या दोन-तीनांतच ज्योत सरळ, टोकदार मिळते. मग ट्रायपॉड तसाच ठेवून मेणासाठी एक उजळ फोटो घ्या. नंतर उजळ फोटोवर नीट आलेली ज्योत बसवता येते.

नवी कोरी जाड कांडी पेटवली तर नुसतं टोक जळताना दिसतं. अंगातून उजेड पाझरायला ज्योत मेणात एक-दोन सेंटिमीटर खाली उतरलेली लागते. म्हणून फोटोसाठी एक मेणबत्ती आधीच तेवढी जाळून ठेवा, आणि विझवल्यावर वात कापून पुन्हा पेटवा.

जवळ धातूचं झाकण असू द्या. पेटलेल्या मेणावर पाणी टाकायचं नसतं, भडका उडतो. झाकणाने गुदमरवायचं. सजावटीची सुकी फुलं, गवत, कापड ज्योतीपासून निदान फूटभर लांब मांडा. गिऱ्हाईक घरी तुमचाच फोटो बघून तशी मांडणी करतं, म्हणून फोटोतही हे अंतर पाळायचं.

काच आणि पितळ

काचेच्या बरणीत खिडकीची चौकट आणि तुमचा शर्ट दोन्ही दिसतात. गडद कपडे घाला. बरणीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या लावा. काचेच्या कडांना रेघ येते आणि पारदर्शक बरणी कागदात विरघळून जात नाही. लेबलावर चकाकी येत असेल तर बरणी पाच-दहा अंश फिरवून बघा.

पितळी समई, तबक, धूपदाणी यांची तऱ्हा निराळी. ती चिंच-मीठ लावून घासा, लगेच कोरडी करा, नंतर उघड्या हाताने शिवू नका. पितळ आरशासारखं समोरचं सगळं दाखवतं, म्हणून त्याच्या समोर, बाजूला आणि वर पांढरंच काही ठेवावं लागतं. चार काठ्यांवर मलमल टाकून छोटा तंबू करा आणि पुढच्या फटीतून फोटो घ्या. सगळं पांढरं झालं की पितळ सपाट दिसतं. तेव्हा एका बाजूला दोन इंच रुंद काळी पट्टी लावा, घडणीची वळणं परत दिसू लागतात.

मातीची भांडी, लाकूड, मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं विणकाम) यांचं सोपं आहे. उजेड अगदी बाजूने, म्हणजे नऊच्या आकड्यावरून घ्या, पोत आपोआप उठतो. मॅक्रमेच्या झालरीला आधी कंगवा फिरवा, कापडाला इस्त्री करा.

सोबत काय मांडावं

एक किंवा दोनच वस्तू, त्याही मेणबत्तीशी नातं असलेल्या. वाळ्याचा वास असेल तर वाळ्याची जुडी, गवती चहाचा असेल तर त्याची दोन पाती. काळा पाटा पांढऱ्या मेणाखाली फार सुंदर दिसतो. माण-खटावकडची घोंगडीही छान, पण तिची लोकर मेणाला चिकटते, म्हणून ती मागे लांब अंथरा. कास पठारावरची फुलं आणून मांडू नका. तिथे फूल तोडायला मनाई आहे, आणि बाजारात झेंडू, शेवंती, अबोली मिळतेच.

प्रत्येक वस्तूचे निदान सहा फोटो हवेत: समोरून, वरून, पोत दाखवणारा जवळून, पेटवलेली, आकार कळावा म्हणून काडेपेटी शेजारी ठेवून, आणि वजन-किंमत वाचता येईल असा लेबलाचा. काडेपेटीचा फोटो वगळू नका. ‘एवढीशीच आहे होय?’ ही तक्रार त्याने टळते. ॲमेझॉनवर पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि मोठं करून बघता यावं म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते. त्यावर मजकूर किंवा सजावट चालत नाही.

दुरुस्ती थोडकीच करा. स्नॅपसीड या फोटो सुधारण्याच्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स, उजेड, धुळीचे ठिपके, बस्स. रंग गडद करण्याची पट्टी हलवू नका. मग खरी मेणबत्ती शेजारी ठेवून, फोनचा रात्रीचा पिवळा पडदा बंद करून, दोन्ही रंग ताडून बघा. व्हॉट्सॲपवर दुकानदाराला पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक तपशील पुसला जातो.

उठण्याआधी टेबलाचे पाय, ट्रायपॉडचे पाय आणि बोर्डाची जागा यांभोवती रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा, आणि शटर, आयएसओ, केल्विनचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावा. पुढच्या खेपेची मेणबत्ती त्याच खुणांवर आणि त्याच वेळी टिपली, तर दोन्ही फोटो एकाच दुकानातले वाटतील.