या चुका टाळा: ‘स्ले द स्पायर’मध्ये नवशिके हमखास कुठे मरतात

रविवारी मिसळ खाऊन झाली की आमच्या टोळक्यातला कोणीतरी मोबाइल पुढे सरकवतो आणि म्हणतो, “दादा, हा गेम सगळा नशिबाचा आहे.” मी डेक, म्हणजे त्याने जमवलेल्या पत्त्यांचा संच, उघडून पाहतो. त्यात चौतीस पत्ते असतात, पोशनच्या (एकदाच वापरता येणाऱ्या औषधांच्या) तिन्ही जागा भरलेल्या असतात आणि खेळाडू मेलेला असतो. गेली काही वर्षे मी हेच दृश्य पाहत आलो आहे, आणि त्यात नशिबाचा वाटा फारसा नसतो. कोणते पत्ते समोर येणार हे नशीब ठरवते हे खरे, परंतु त्यांतले कोणते घ्यायचे आणि कोणते तिथेच सोडून द्यायचे हे खेळणारा ठरवतो. नवशिका नेमका तिथेच चुकतो.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. ‘स्ले द स्पायर’ हा मेगा क्रिट या स्टुडिओचा गेम नोव्हेंबर २०१७ मध्ये अपूर्ण अवस्थेत, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. आज ज्याला रोगलाइक डेकबिल्डर म्हणतात, त्या प्रकाराचा साचा बहुतांशी याच गेमने घालून दिला. थोड्या साध्या पत्त्यांनिशी मनोरा चढायला लागायचे, प्रत्येक लढाईनंतर समोर आलेल्या तीन पत्त्यांतून एक घ्यायचा, आणि मेलो की सगळे सोडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. आयर्नक्लॅड या पहिल्या पात्राच्या हाती पाच स्ट्राइक, चार डिफेंड आणि एक बॅश असे दहाच पत्ते असतात. दर खेळीला पाच पत्ते हातात येतात आणि ते खेळण्यासाठी तीन एनर्जी मिळते. पुढच्या सगळ्या चुका या एवढ्याशा हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

मिळेल तो पत्ता घेणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, आणि तिच्याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण ती मी स्वतः मनसोक्त केलेली आहे. लढाई जिंकल्यावर तीन पत्ते समोर येतात तेव्हा खाली ‘स्किप’चे बटणही असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ज्यांच्या लक्षात येते, त्यांना फुकट मिळणारी वस्तू सोडणे जिवावर येते. परंतु हा पत्ता फुकट नसतो. तो पुढच्या प्रत्येक लढाईत तुमच्या चांगल्या पत्त्याची जागा अडवून बसतो. दहा पत्त्यांच्या डेकमध्ये एखादा ठरावीक पत्ता पहिल्या पाचांत येण्याची शक्यता निम्मी असते, तर छत्तीस पत्त्यांच्या डेकमध्ये ती चौदा टक्क्यांच्या आसपास उरते.

एकदा कामानिमित्त सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो होतो. नाशिकरोडला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी सायलेंट हे पात्र घेऊन खेळायला बसलो. सुरुवात इतकी उत्तम झाली की हातातला चहा गार झाला तरी कळले नाही. डेडली पॉयझनचे दोन पत्ते मिळाले, दर खेळीला सगळ्या शत्रूंवर विष चढवणारा नॉक्शस फ्यूम्स मिळाला आणि चढलेले विष दुप्पट करणारा कॅटलिस्टही मिळाला. इगतपुरीच्या आधी पहिला बॉस, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या (अ‍ॅक्टच्या) शेवटचा मोठा शत्रू, पडला. इथेच मला थांबता आले असते. परंतु घाट उतरताना समोर ब्लेड डान्स आला आणि मी तो घेतला, कारण तो चांगला पत्ता आहे. नंतर तो पुन्हा आला, म्हणून पुन्हा घेतला. कल्याण जवळ आले तेव्हा माझ्याकडे ब्लेड डान्सचे चार पत्ते होते, एकूण डेक सदतीस पत्त्यांचा झाला होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

तिसऱ्या अ‍ॅक्टचा बॉस टाइम ईटर होता. त्याचे चित्र नकाशाच्या टोकाला अ‍ॅक्टच्या सुरुवातीपासूनच दिसत होते आणि मी ते पाहिलेही होते. या बॉसचा नियम असा की तुम्ही बारा पत्ते खेळलात की तुमची खेळी तिथेच संपते आणि त्याची ताकद दोनने वाढते. ब्लेड डान्स हा स्वतः एक पत्ता आणि त्यातून येणाऱ्या शिव्ह नावाच्या सुऱ्या तीन, म्हणजे चार पत्ते मोजले जातात. तीन ब्लेड डान्स झाले की बारा पूर्ण. मी सुऱ्या फेकत गेलो, तो बलवान होत गेला. विषाने तरी निभावून जाईल असे वाटत होते, परंतु त्याची हेल्थ ४५६ इतकी असते आणि ती निम्म्याखाली गेली की पुढच्या खेळीत तो अंगावरचे सगळे दुष्परिणाम झटकून पुन्हा निम्म्यापर्यंत भरून घेतो. माझे एवढे कष्टाने चढवलेले विष एका क्षणात उतरले. कॅटलिस्ट हातात यायला हवा होता तो त्याच्या आधी. सदतीस पत्त्यांचा डेक पाच-पाच करत एकदा पूर्ण दिसायला सातांहून अधिक खेळ्या लागतात, आणि माझा कॅटलिस्ट ढिगाच्या तळाशी होता. ठाणे यायच्या आत मी मेलेला होतो. शेजारच्या काकांनी विचारले, “काही वाईट बातमी का?”

या एका प्रवासात दोन चुका झाल्या होत्या. पहिली उघड आहे. दुसरी अशी की बॉस कोण आहे हे माहीत असूनही मी पत्ते निवडताना त्याचा विचार केला नाही. आता नवा अ‍ॅक्ट सुरू झाला की मी आधी नकाशा वरपर्यंत सरकवून बॉसचे चित्र पाहतो आणि मगच पहिली वाट निवडतो.

याच चुकीचे दुसरे टोक म्हणजे दुकानात पत्ता काढून टाकण्यासाठी पैसे न खर्चणे. पहिल्यांदा त्याला ७५ सोने लागते आणि पुढे प्रत्येक वेळी २५ ने दर वाढतो. नवशिक्याला पैसे देऊन आपलीच वस्तू फेकून देणे वेडेपणाचे वाटते. माझ्या सासऱ्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि त्यानंतर वेलीवरचे घड मोजून जादा घड काढून टाकणे, या सगळ्यासाठी ते दरवर्षी मजुरांना पैसे मोजतात; त्यांना यात काही विशेष वाटत नाही. मी मात्र हे ‘स्ले द स्पायर’मध्ये दीडशे वेळा मेल्यावर शिकलो. माझी सवय अशी आहे की शाप लागलेला पत्ता असेल तर आधी तो आणि नसेल तर एक स्ट्राइक, एवढे सोने मी दुकानात शिरण्यापूर्वीच बाजूला धरतो.

आता एक इशाराही द्यायला हवा, कारण अर्धवट सल्ला ऐकून लगेच मैदानात उतरणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. ‘डेक लहान ठेवा’ एवढेच ऐकून ही मंडळी पहिल्या अ‍ॅक्टमध्ये काहीच घेत नाहीत आणि सहा-सहाचा मार देणाऱ्या पाच स्ट्राइकांनिशी एलिटसमोर, म्हणजे नेहमीपेक्षा तगड्या शत्रूसमोर, उभी राहतात. छाटणी करायला आधी वेल वाढलेला असावा लागतो. पहिल्या अ‍ॅक्टमध्ये मला थेट मार देणारे दोन-तीन चांगले पत्ते हवेच असतात. ते मिळेपर्यंत मी घेतो आणि त्यानंतर हात आखडता घेतो.

पोशन राखून ठेवणे आणि ती राखूनच मरणे

माझा भाचा कॉलेज रोडला आमच्याकडे सुट्टीत राहायला आला होता. त्याने सोफ्यावर आडवे पडून आयर्नक्लॅड घेतला आणि पहिल्याच अ‍ॅक्टमध्ये ग्रेमलिन नॉब या एलिटसमोर गेला. मी मागे उभा राहून पाहत होतो आणि न बोलण्याचे ठरवले होते. नॉब पहिल्या खेळीला नुसता ओरडतो, आणि त्यानंतर तुम्ही स्किल प्रकारातला कोणताही पत्ता खेळलात की त्याची ताकद दोनने वाढते. मार अडवणारा डिफेंड हा स्किल आहे. नॉबच्या डोक्यावर येणाऱ्या माराचा १४ चा आकडा दिसला तेव्हा भाच्याने दोन डिफेंड आणि एक स्ट्राइक खेळला. दहाचा ब्लॉक झाला, म्हणजे दहाचा मार अडला, परंतु १४ चे १८ झाले, म्हणजे आठ लागलेच. पुढच्या खेळीला १८ चा आकडा आला. त्याने पुन्हा दोन डिफेंड टाकले, १८ चे २२ झाले आणि बारा लागले. तो जितका स्वतःला वाचवत होता तितका जास्त मार खात होता, आणि नॉबच्या ऐंशीहून अधिक हेल्थमधून दर खेळीला सहाच वजा होत होते. आकडे डोळ्यांसमोर होते, पण ते वाचत कोणीच नव्हते.

या सगळ्या काळात पडद्याच्या वरच्या बाजूला तीन पोशन दिसत होती. त्यांतले एक फायर पोशन होते. त्याने एका झटक्यात २० चा मार बसतो, एनर्जी लागत नाही, आणि पोशन हा स्किलचा पत्ता नसल्यामुळे नॉब चिडतही नाही. भाचा मेला. मी विचारले, “अरे, ते वापरले का नाहीस?”

“मामा, ते बॉससाठी ठेवले होते.”

हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता राग येत नाही. आपल्या घरांत पाहुण्यांसाठीची क्रोकरी जशी कपाटात वर्षानुवर्षे चकचकीत राहते, तशी ही पोशन राहतात. पोशनच्या जागा तीनच असतात. तिन्ही भरल्या की पुढे मिळणारे पोशन एकतर सोडावे लागते किंवा त्यासाठी आधीचे फेकावे लागते, त्यामुळे भरलेल्या जागा घेऊन लढणे म्हणजे पुढचे पोशन आधीच वाया घालवणे होय. मी एलिटच्या लढाईत निदान एक पोशन खर्च करायचेच असे ठरवून जातो. एलिट मेला की रिलिक (कायम फायदा देणारी वस्तू) मिळतो आणि तो शेवटपर्यंत कामाला येतो.

काही छोट्या, पण रोजच्या चुका

आधी मारणे आणि मग बॅश करणे ही चूक मला दर आठवड्याला दिसते. बॅशने शत्रू व्हल्नरेबल होतो आणि त्याला दीडपट मार बसतो. बॅश आधी खेळला तर ८ आणि ९ मिळून १७. स्ट्राइक आधी खेळला तर ६ आणि ८ मिळून १४. तेच पत्ते आणि तीच एनर्जी असताना हे तीन केवळ घाईमुळे जातात.

शत्रू या खेळीला हल्ला करणार नाही असे त्याच्या डोक्यावर स्पष्ट दिसत असताना ब्लॉक करत बसू नये. ब्लॉक पुढच्या खेळीच्या सुरुवातीला नाहीसा होतो.

विश्रांतीच्या प्रत्येक ठिकाणी झोपणे हाही एक छंद आहे. झोपल्याने कमाल हेल्थच्या ३० टक्के परत मिळते, तर त्याऐवजी तिथे पत्ता सुधारून घेतला तर तो सुधारलेलाच राहतो. आयर्नक्लॅडला प्रत्येक लढाईनंतर सहा हेल्थ तशीही परत मिळते. शिवाय साध्या पातळीवर अ‍ॅक्टचा बॉस पडला की हेल्थ पूर्ण भरते, त्यामुळे बॉसपुढे शंभर टक्के हेल्थ घेऊन जाण्याचे बक्षीस कोणी देत नाही. हेक्झागोस्ट हा बॉस तर दुसऱ्या खेळीचा मार तुमच्याच हेल्थवरून ठरवतो. ८० हेल्थ असेल तर सात-सातचे सहा, म्हणजे ४२, आणि ४० असेल तर चार-चारचे सहा, म्हणजे २४. मरणाच्या दारात असाल तर अवश्य झोपा. नुसते बरे वाटावे म्हणून झोपू नका.

पत्त्यांची क्रमवारी सांगणारे व्हिडिओ पाहून खेळणे, याबद्दल मी एकच वाक्य लिहितो: त्या व्हिडिओवाल्याला तुमच्या डेकमध्ये काय आहे हे ठाऊक नसते.

‘बालात्रो’त चुका बदलतात, स्वभाव बदलत नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘बालात्रो’ हा पोकरवर बेतलेला गेम आला आणि आमच्यातले रमीबहाद्दर तिकडे वळले. तिथे पोशन साठवणारा माणूस अचानक उधळ्या होतो. दर फेरीअखेर हातातल्या प्रत्येक पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज मिळते आणि नेहमीच्या नियमाने ते पाचापर्यंत वाढते, म्हणजे २५ डॉलर शिल्लक ठेवले की दर फेरीला पाच आपोआप येतात. नवशिका मात्र दुकानात शिरला की खिसा झटकूनच बाहेर पडतो. अर्थात पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत एकही उपयोगी जोकर (गुण वाढवणारा खास पत्ता) नसताना व्याजासाठी पैसे धरून बसणारेही मी पाहिले आहेत. त्यांना व्याज मिळते आणि ते हरतात.

दुसरी गोष्ट जोकरांच्या क्रमाची. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. जोडीचा गुणक, म्हणजे गुणांना ज्याने गुणायचे तो आकडा, २ आहे, एक जोकर ४ मिळवतो आणि दुसरा तिप्पट करतो असे समजा. मिळवणारा डावीकडे असेल तर सहाचे अठरा होतात. तिप्पट करणारा डावीकडे असेल तर आधी सहा आणि मग दहा. बोटाने जोकर सरकवायला एक सेकंद लागतो, आणि तो सेकंद न देणारा माणूस नंतर अर्धा तास गेमला शिव्या देतो.

शेवटी एक सवय सांगतो, जी कोणीही माझ्याकडून उचलत नाही. रन संपली की लगेच नवीन सुरू करायची नाही. आधी मेल्यानंतरचा डेक उघडून पाहायचा आणि मरणाचे कारण एका ओळीत लिहायचे. माझी यादी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आहे, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी. त्यात ‘पत्ते जास्त’ असे अकरा वेळा लिहिलेले आहे, ‘पोशन उरले’ सात वेळा, आणि ‘नशीब’ दोन वेळा. त्या दोनांतले एक मी नंतर खोडले.