नागपूरच्या विद्यार्थिनीने मध्यवर्ती बँकेतील कारकिर्दीची तयारी कशी करावी

संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून रोज कॉलेजला जाताना आपणही कधी देशाच्या पतधोरणात, म्हणजे व्याजदर आणि चलनपुरवठ्याच्या धोरणात, वाटा उचलावा असे जिला वाटते, तिने आधी जॅनेट येलेन यांचा प्रवास वर्षांसह वहीत उतरवावा. १९७१ मध्ये येल विद्यापीठाची पीएच.डी., १९९४ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळावर नेमणूक आणि २०१४ मध्ये त्याच संस्थेचे अध्यक्षपद, तेही पहिली महिला म्हणून. पहिल्या दोन टप्प्यांमधील तेवीस वर्षे मुख्यतः अध्यापनात आणि संशोधनात गेली, हे नीट लक्षात घ्यावे. घाईने हे क्षेत्र साधत नाही.

बी.ए.ला अर्थशास्त्रासोबत गणित किंवा संख्याशास्त्र घ्यावे. त्याची भीती वाटत असेल तर शिकवणी लावावी, पण विषय सोडू नये, कारण पुढील संशोधन त्यावरच उभे राहते. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याची गोखले संस्था किंवा रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांचा विचार करावा.

खरी तयारी मात्र वाचनातून होते. व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात, तिघे बँकेचे व तिघे बाहेरचे, आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रत्येकाचे म्हणणे इतिवृत्तात प्रसिद्ध होते. जून २०२४ चे इतिवृत्त घ्यावे: बहुमताने रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) ६.५ टक्क्यांवर कायम ठेवला, तर आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिले. मतदानाचा निकाल झाकून आधी युक्तिवाद वाचावेत आणि कोणी कोणते मत दिले असेल ते स्वतः लिहून पाहावे. माझ्या मते या सरावाला पर्याय नाही. त्याच्या जोडीला दर आठवड्याला कॉटन मार्केटमधील कांदा, टोमॅटो आणि तूरडाळीचे भाव टिपून ते महागाईच्या मासिक आकड्यांशी ताडून पाहावेत; भाजी कडाडली असताना व्याजदर वाढवून काय साधते, हा प्रश्न तेव्हा आपला होतो.

प्रवेशाच्या वाटा दोन आहेत. के. जे. उदेशी बँकेतच वाढल्या आणि २००३ मध्ये पहिल्या महिला डेप्युटी गव्हर्नर झाल्या. पूनम गुप्ता संशोधन क्षेत्रातून २०२५ मध्ये त्या पदावर आल्या. पहिली वाट धरायची असल्यास रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी भरतीसाठीच्या ग्रेड बी परीक्षेची जाहिरात पाहताना आर्थिक व धोरण संशोधन विभागाची स्वतंत्र पदे आणि त्यांच्या पात्रतेच्या अटी आवर्जून तपासाव्यात.