बळकट होण्याचा ग्रीक शब्द ‘क्रताइओओ’: अभ्यास करताना या चुका टाळा

लूकच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं अख्खं बालपण एका वाक्यात उरकलंय. मूल वाढत गेलं, आत्म्यात बळकट होत गेलं आणि इस्राएलसमोर येण्याच्या दिवसापर्यंत रानात राहिलं. यातल्या ‘बळकट होत गेलं’साठी ग्रीकमध्ये ‘एक्रताइऊतो’ आहे. शब्दकोशात तो ‘क्रताइओओ’ या नावाखाली सापडतो. नव्या करारात हे क्रियापद चारच ठिकाणी येतं: लूक १:८०, लूक २:४०, आणि प्रेषित पौलाच्या पत्रांपैकी १ करिंथ १६:१३ व इफिस ३:१६. चार जागा म्हणजे एका संध्याकाळचं काम. तरीही त्यात घसरायला भरपूर वाव आहे, आणि मी बहुतेक ठिकाणी घसरून झालोय.

डायनामाइटचा मोह

इफिस ३:१६ मध्ये आपल्या शब्दाला चिकटूनच ‘दुनामेइ’ म्हणजे ‘सामर्थ्याने’ हा शब्द येतो. मंडळीत पहिल्यांदा या वचनावर बोलायची वेळ आली तेव्हा मी जोशात सांगून टाकलं, की डायनामाइट हा शब्द इथूनच आला, म्हणजे पौल स्फोटक सामर्थ्याबद्दल बोलतोय. उपासना संपल्यावर गवंडीकाम करणारे एक काका जवळ आले. म्हणाले, “दादा, सुरुंगानं भिंत पडते. भक्कम होते होय?”

काकांना ग्रीक येत नव्हतं, पण चूक नेमकी त्यांनीच पकडली. आल्फ्रेड नोबेलने आपल्या स्फोटकाला ते नाव दिलं १८६७ साली, आणि पौलाचा काळ पहिल्या शतकातला. नंतर जन्मलेल्या शब्दाचा अर्थ आधीच्या शब्दावर लादता येत नाही. आणि वचन एक ओळ पुढे वाचलं असतं, तर तिथे मुळावलेलं झाड आणि पाया घातलेलं घर दिसलं असतं. तिथली ताकद फुटणारी नाही, धरून ठेवणारी आहे. त्या रविवारचं टिपण अजून माझ्याकडे आहे. ‘स्फोट’ शब्दाखाली दोन रेघा आहेत.

क्रमांक म्हणजे अर्थ नव्हे

मोबाइलवरच्या बायबल अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की ‘२९०१’ असा आकडा येतो. तो जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या सूचीतला. (स्ट्राँग हे आडनाव. शब्दाचा अर्थही ‘स्ट्राँग’ निघाल्यामुळे गोंधळलेला एकजण मला भेटलाय.) ही सूची बेतलेली आहे १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरावर. एखादा ग्रीक शब्द त्या भाषांतरात कोणकोणत्या इंग्रजी शब्दांनी आलाय, हे ती दाखवते. त्यातला आपल्याला आवडेल तो उचलायचा आणि ‘मुळात अर्थ असा आहे’ म्हणायचं, ही आपली नेहमीची खोड.

त्यात ते इंग्रजीही चारशे वर्षांपूर्वीचं. लूक १:८० ला तिथे ‘वॅक्स्ड स्ट्राँग’ आहे. ‘वॅक्स’ म्हणजे मेण नव्हे. वाढणं, होत जाणं या अर्थाचं ते जुनं क्रियापद आहे.

शब्दाचं शेपूट न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपण मुळावर तासभर बोलतो आणि प्रत्ययाकडे बघत नाही. ग्रीकमध्ये ‘-ओओ’ने संपणारी बरीच क्रियापदं ‘अमुक करणे’ अशा अर्थाची असतात. ‘दूलोस’ म्हणजे दास, ‘दूलोओ’ म्हणजे दास करणे. तसंच ‘क्रताइओस’ म्हणजे बलवान, आणि ‘क्रताइओओ’ म्हणजे बलवान करणे. शब्दकोशातलं रूप ‘मी बळकट करतो’ असं प्रथमपुरुषी असतं, हेही लक्षात ठेवा.

आता त्या चार जागा बघा. एकाही ठिकाणी कुणी दुसऱ्याला बळकट ‘करत’ नाही. चारही रूपं कर्मणी धाटणीची आहेत. इफिसमध्ये तर कुणाकडून हेही लिहिलंय: ‘त्याच्या आत्म्याच्या द्वारे’, आतल्या माणसात. १ करिंथमधलं ‘क्रताइऊस्थे’ हे रूप ‘बळकट व्हा’ आणि ‘बळकट केले जा’ या दोन्हींना सारखंच दिसतं, त्यामुळे नुसत्या रूपावरून तिथे निकाल देऊ नका.

आणि ‘हळूहळू होत जाणं’ कुठे आहे? शब्दाच्या मुळात नाही. ते लूकच्या दोन्ही वचनांत काळामुळे येतं. अपूर्ण भूतकाळ आहे, म्हणून ‘होत गेला’. इफिसमध्ये ‘क्रताइओथेनाइ’ हे आओरिस्ट (ग्रीक क्रियापदाच्या रूपांचा एक प्रकार) रूप आहे, तिथे ती हळूहळूची छटा शब्दातून काढता येत नाही. उलट आओरिस्ट म्हणजे ‘एकदाच आणि कायमचं’ असं ठोकून सांगणारेही असतात. तेही चूक. आओरिस्ट क्रिया घडल्याचं सांगतो, ती किती वेळा किंवा किती काळ घडली याची मोजदाद करत नाही.

लूकने दोन क्रियापदं का वापरली हेही पाहायला हवं. पहिलं ‘एऊक्सानेन’, म्हणजे वाढत होता. पोर अंग धरतंय, उंच होतंय, ते यात आलं. दुसरं आपलं ‘एक्रताइऊतो’, आणि पहिल्या अध्यायात त्याला लागूनच ‘आत्म्यात’ आहे. दोन्हींची मिळून ‘मोठा झाला’ अशी खिचडी केली, तर दुसरं क्रियापद वाया गेलं.

शब्दालाच पवित्र समजणं

‘हा शब्द फक्त देवाकडून मिळणाऱ्या बळासाठी वापरतात’ असं एका टिपणात वाचून मीही काही वर्षं तेच सांगत होतो. जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुआजिंट, उघडलं आणि गप्प झालो. १ शमुवेल ३०:६ मध्ये दाविदाचं राहतं गाव सिकलाग जळून गेलंय, बायकामुलं अमालेकी लोकांनी पळवलीत, स्वतःचीच माणसं दाविदाला दगडमार करायला निघालीत, आणि तिथे दावीद परमेश्वराच्या ठायी ‘एक्रताइओथे’, बळकट झाला. इथवर ठीक. पण २ शमुवेल १३:१४ मध्ये दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीचं, तामारेचं, ऐकत नाही आणि तिच्यावर बळजबरी करतो, तिथेही हेच क्रियापद आहे, कर्तरी रूपात. शब्द तोच. बळ कुणाचं आणि कुणावर, हे वाक्य सांगतं.

‘मर्दासारखे वागा’ची अर्धवट वाचणी

१ करिंथ १६:१३ मध्ये आपल्या शब्दाच्या आधी ‘आंद्रिझेस्थे’, म्हणजे ‘मर्दासारखे वागा’, आहे. त्यात ‘आनेर’, म्हणजे पुरुष, दडलाय. म्हणून हे वचन पुरुषांच्या शिबिराच्या बॅनरवर हटकून जातं. पण ही जोडी सेप्टुआजिंटमध्ये आधीच आहे. स्तोत्र ३१:२४ मध्ये ‘धीर धरा, तुमचं हृदय बळकट होवो’ हे दोन्ही शब्द परमेश्वराची आशा धरणाऱ्या सगळ्यांना उद्देशून येतात. पौलही अख्ख्या मंडळीला लिहितोय, आणि पुढच्याच वचनात ‘सगळं प्रीतीने करा’ म्हणतोय. ते वचन बॅनरवर मावत नाही बहुतेक.

संस्कृतशी घाईघाईने सोयरीक

आपल्या शब्दाच्या मुळाशी ‘क्रातोस’ म्हणजे बळ, आणि आपल्याकडे वैदिक ‘क्रतु’, म्हणजे सामर्थ्य किंवा संकल्प, आहे. ऐकायला गोड लागतं. नातं असो वा नसो, लूक काय म्हणतोय हे ‘क्रतु’वरून ठरत नाही.

सापडत नसेल तर

स्तोत्र २७:१४ मध्ये हा शब्द आहे असं वाचलंत, पण ग्रीकमध्ये मिळत नाहीये? स्तोत्र २६ उघडा. नवव्या-दहाव्या स्तोत्रांना ग्रीकमध्ये एक धरल्यामुळे पुढचे आकडे एकाने मागे सरकतात. वरचं ३१:२४ तिथे ३०:२५ होतं, कारण शीर्षकालाही वचनाचा आकडा मिळतो. शमुवेलाची पुस्तकं सापडत नसतील, तर ‘राज्ये’ या नावाखाली पहिली दोन बघा.

लूक २:४० मध्ये येशूबद्दल एका बायबलात ‘आत्म्यात बळकट’ आणि दुसऱ्यात नुसतं ‘बळकट’ दिसलं, तर भाषांतरकाराला दोष देऊ नका. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ‘आत्म्यात’ हा शब्द नाही. बऱ्याच नंतरच्या प्रतींत आहे, आणि किंग जेम्समध्ये तो तिथूनच आला. नकलणाऱ्याच्या डोक्यात १:८० घोळत असणार, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

राहिला १:८० मधला ‘आत्मा’. योहानाचा स्वतःचा की पवित्र आत्मा? इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं की लहान, हे भाषांतरकाराला ठरवावंच लागतं. देवनागरीत ती भानगड नाही आणि जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही नव्हती. योहान आईच्या उदरापासून पवित्र आत्म्याने भरलेला असेल, हे लूक १:१५ मध्ये येऊन गेलंय. ते वचन शेजारी ठेवून वाचा, आणि इंग्रजी प्रतीतलं मोठं अक्षर दाखवून वाद घालू नका.